गोलकीपरला सीए म्हणायची आमची पेठ

शिवाजी पेठेत दुकानाचा कर कोण बघणार हे शिक्षणावर ठरत नाही, कोण कुठल्या तालमीचा यावर ठरतं. माझं नळाच्या फिटिंगचं दुकान. त्याचा कर बघायचा आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना गोलकीपर. त्याच्याकडे कॉम्प्युटर होता आणि आवाजात जरब होती, म्हणून सगळी गल्ली त्याला सीए म्हणायची. पदवी कुणी विचारली नाही. आपल्या माणसाला असलं विचारतात का?

यंदा नोटीस आली. कित्येक महिने रिटर्न भरलेलं नाही, तुमची जीएसटी नोंदणी रद्द का करू नये? नोंदणी गेली की पक्कं बिल बंद, आणि बिलाशिवाय एकही बिल्डर माझ्याकडून माल उचलणार नाही. दुकानच बसलं म्हणायचं.

"तू नुस्तं माझ्या मागं उभं ऱ्हायचं," गोलकीपर म्हणाला आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून जीएसटी ऑफिसात शिरला.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही सीए?"

"तसंच की."

"तसंच म्हणजे? वकील आहात? जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा दिलीय?"

"न्हाय, पण..."

"मग यांचे नातेवाईक?"

"एका तालमीतले हाय आम्ही."

"तालीम कायद्यात बसत नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या तारखेला अधिकार असलेला माणूस आणा."

अधिकार असलेली, हुशार म्हणून नावाजलेली सीए जवळच होती. फक्त ती आमच्या कट्टर विरोधी संघाच्या कॅप्टनची बहीण. भर उन्हात तोंडाला रुमाल बांधून मी त्या गल्लीत शिरलो. तिच्या ऑफिसात बाकावर एकजण पेपराआड तोंड लपवून बसला होता. पेपर धरलेली वाकडी करंगळी मी ओळखली. पेनल्टी अडवताना मोडलेली ती.

"तू हितं?"

"आमच्या घरचं हीच बघती," पेपराआडून गोलकीपर म्हणाला. "शिकल्याली हाय. हळू बोल की."

"आणि माझं मात्र तू बघत होतास?"

"तू कधी इचारलंस व्हय?"

माझी राहिलेली सगळी रिटर्न तिने भरून घेतली, माझ्या सहीचं अधिकारपत्र घेऊन तारखेला गेली आणि नोंदणी वाचवून आली.

आता रोज संध्याकाळी कट्ट्यावर गोलकीपर हातवारे करून सांगतो, साहेबाला त्यानं कसं गप्प केलं. पोरं माना डोलावतात. मी दात-ओठ खात चहा पितो. खरं सांगायचं, तर मी कुणाच्या दारात गेलतो तेही सांगावं लागेल.