अरुंद तोंडाची टाकी

काकांच्या नव्या गाडीला शिसेविरहित पेट्रोलच लागायचं. टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद केलेलं, साध्या पेट्रोलची नळी आत जाऊ नये म्हणून. जळगावात ते पेट्रोल एकाच पंपावर मिळे आणि तिथं काकांचं खातं होतं.

धुळ्याला काम आहे असं सांगून मी रविवारी, काकांच्या ड्रायव्हरला सुट्टी असताना, गाडी न्यायचो आणि पुढं शिंदखेड्याला, होणाऱ्या सासुरवाडीला जायचो. काकांना पेट्रोलचा काटा खाली दिसू नये म्हणून परतताना नरडाण्याजवळ कॅनमध्ये साधं पेट्रोल घ्यायचो आणि नरसाळ्यानं ओतायचो. असे पाच-सहा रविवार.

मग गाडी धक्के देऊ लागली. काळा धूर, समोर पिवळा दिवा, आणि पेट्रोल तर पिऊ लागली. काकांनी ड्रायव्हरला विचारलं, "जातंय कुठं? तुझ्या भावाची मोपेड यावरच चालते का? गाडीत दोष निघाला तर ठीक, नाहीतर चावी ठेवून जा." मी शेजारीच जेवत होतो. मान वर केली नाही.

गॅरेजमध्ये ड्रायव्हर आणि मी गेलो. मिस्त्रींनी प्लग काढले, काजळीनं भरलेले. मग सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरला मीटर लावला. "हा धूर हुंगून पेट्रोल कमी-जास्त करवतो. काटा सारखा हलला पाहिजे."

काटा पडून होता. वायर तुटलेली निघू दे, असं मी मनात घोकत राहिलो. वायर धड होती. सेन्सर खोलला, तर टोकावर चकचकीत करडा थर.

"शिसं," मिस्त्री म्हणाले. "साधं पेट्रोल कोणी पाजलं?"

"पंपवाल्याची चूक असेल," मी म्हणालो.

"या तोंडातून? चूक काय नरसाळं घेऊन आली होती?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आठवड्यानं मुंबईहून नवा सेन्सर आला. काटा हलू लागला, दिवा विझला. घरी मी पुन्हा पंपवाल्याचंच नाव घेतलं. "म्हणजे चोरी नव्हती," काका म्हणाले आणि ड्रायव्हरला गाडी धुवायला सांगून पेपर वाचत बसले.

गाडी धुताना त्यानं मला हाक मारली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नरसाळं हातात दिलं.

"भाऊ, हाई तुमनं शे. डिक्कीमा व्हतं. मी पहिलेच देखेल व्हतं."

काका दहा पावलांवर होते. मी गाडीपाशी उभ्या-उभ्या खरं सांगितलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं असतं. मी नरसाळं पिशवीत घातलं.