मधाला विटाळ नसतो

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. लग्न होऊन मी मुरबाडला आले तेव्हा सिद्धगडाच्या रानातून एक कातकरीण आमच्याकडे मध घेऊन यायची. तिचं नाव घरात कुणी कधी विचारलं नाही. मधाचं मडकं पायरीवर ठेवून ती चार पावलं मागे सरायची आणि मधमाश्या डसून सुजलेलं मनगट पदराखाली झाकून उभी राहायची. सासूबाई मडक्यावर पाणी शिंपडायच्या आणि मगच मध देवघरात न्यायच्या.

एका चैत्रात ती भर उन्हातून आली आणि तिने पाणी मागितलं. मी वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतत होते, तेवढ्यात तिला भोवळ आली. मी पटकन तिचा हात धरला.

सासूबाई आतून ओरडल्या, "शिवलीस तिला? आधी आंघोळ कर, मगच चुलीपाशी ये!"

ती सावरली. माझा हात सोडवून तिने सासूबाईंकडे सरळ पाहिलं.

"आये, पोळं याच हातांनी पिळलंय मी. मंग माझा मध कसा चालतो तुमच्या देवाला?"

"मधाला विटाळ नसतो," सासूबाई म्हणाल्या.

"मंग मला नाय द्यायचा तो," असं म्हणून तिने मडकं उचललं आणि ती चालू लागली. पुन्हा कधी आली नाही.

मध शुद्ध आणि तो पिळणारी अशुद्ध, हा कुठला धर्म? आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण तेव्हा ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी राहिले आणि मग मुकाट्याने मोरीत जाऊन आंघोळ केली.