पांढऱ्या भिंतीवरचा उजेड

जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टमधल्या आमच्या गावात, घरामागच्या शेडमध्ये फोल्कमारमामा टॉर्च बनवायचे. पितळेचा दांडा लेथवर चढवून ते आटे असे कापत की टोपण फिरवताना लोण्यातून बोट फिरल्यासारखं वाटावं. पण माणसं लांबून येत ती उजेडासाठी. एकाच पाकिटातले एलईडी दिवेसुद्धा सारखे नसतात. एखादा किंचित हिरवा, एखाद्याला गुलाबी झाक. शौकिनांना हवी असते ती गुलाबी झाक, हिरवा उजेड म्हणजे फसलेली टॉर्च. बाकीचे कारागीर रंग यंत्राने मोजतात. मामा एकेक दिवा कोऱ्या कागदावर पेटवून बघत आणि डोळ्यांनी निवडत.

हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा पडदा झिजतोय, उपाय नाही. हे मला एकटीलाच माहीत होतं, कारण मामांची गाडी आता मी चालवत होते.

"मेळाव्याला एक बनवून नेतो," ते म्हणाले. "नजर गेली असेल तर कळेल. ती मंडळी सोडणार नाहीत, एक नंबरची वाह्यात आहेत." टॉर्च त्यांनी मला पेटवून दाखवली नाही.

टॉर्चच्या शौकिनांचा हा मेळावा भरतो अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. भर दुपारी जाड पडदे ओढतात आणि पांढऱ्या भिंतीवर एकेक टॉर्च पेटवतात. पिकल्या केसांची माणसं तिथे पोरांसारखी भांडतात. टॉर्च जितकी सरस, तितकं भांडण जोरात.

"हा म्हणे गुलाबी उजेड," एका पाहुण्याची टॉर्च बघून बसड्रायव्हर डेटलेफ म्हणाला. "आमच्या हिचं मटारचं सूप याहून गुलाबी असतं."

"अजून सूप देते का ती तुला?" दातांची डॉक्टर फ्राउके म्हणाली. "घरात सोळा टॉर्च, आणि तळघराच्या जिन्यात पडलास तो अंधारात."

"चांगली टॉर्च जिन्यात वापरतं का कोणी?" डेटलेफ खरोखरच दुखावला. मग मामांकडे वळला. "चल म्हाताऱ्या, काढ तुझी."

मामांनी बटण दाबलं. भिंतीवर गोल उजेड पडला, शेवाळलेल्या पाण्यासारखा हिरवट. तो हिरवेपणा मलासुद्धा कळला.

कोणी हसलं नाही.

"आटे काय सुरेख आहेत," फ्राउके हळूच म्हणाली.

"वजनही छान," डेटलेफ म्हणाला.

"उजेडाचं बोल," मामा म्हणाले.

"छान आहे की, फोल्कमार."

"सुपासारखा नाही ना?"

डेटलेफ बुटांकडे बघत राहिला. मामांनी टॉर्च विझवली, टेबलावर ठेवली. "ही शेवटची," ते म्हणाले.

कोणीतरी विचारलं, "शेवटची म्हणजे अगदी शेवटची?" आणि हॉल एकदम जागा झाला. "मी आधी सांगितलं होतं!" "तुझ्याकडे त्याच्या दोन आहेत!" "तळाशी नाव कोरून दे!" शेवटी डेटलेफने ती मिळवली. डोळे पुसत त्याने ती मऊ कापडात गुंडाळली आणि डबीत ठेवली. पेटवून मात्र कोणी पाहिली नाही.

मी मामांना घरी चला म्हटलं. ते उठले नाहीत. भिंतीवर पुढच्या टॉर्च येत राहिल्या, आणि लोक पुन्हा हमरीतुमरीवर आले. मामा हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांना कोणी मत विचारलं, की ते भिंतीकडे बघून प्रत्येक वेळी म्हणत, "छान आहे."