मातृभाषेचा पेपर

लेकीला बारावीत सत्त्याण्णव टक्के पडले, तेव्हा मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मी घरोघरी पेढे वाटले. समोरची शेजारीण पेढा तोंडात टाकत म्हणाली, "बस सत्तानवे? चलो, कोई बात नहीं." दिल्लीत पेढे वाटले तरी सांत्वन मिळतं.

त्यातून या टक्क्यांना आता कॉलेजात कुत्रंही विचारत नाही. बारावी पास असलं की झालं. प्रवेश ठरतो तो वेगळ्या सामायिक परीक्षेवर. लेकीला दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसमध्ये इतिहासच शिकायचा होता, दहावीपासून दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. या परीक्षेत एक भाषा घ्यावी लागते. फॉर्म भरताना ती इंग्रजी निवडणार होती, पण आमच्या घरात एक उंटावरचे शहाणे आहेत. "मातृभाषा असताना इंग्रजी कशाला? मराठीचे मार्क तर घरचेच!" हे म्हणाले. हे दरवर्षी गणपतीत मंडळाच्या स्टेजवरून मातृभाषेचं महत्त्व सांगतात, तेही प्रमुख पाहुण्यांना कळावं म्हणून हिंदीत. लेकीने बापाचं मन मोडलं नाही.

पेपर देऊन रिक्षात बसताच तिने विचारलं, "आई, दावण म्हणजे काय असतं?" उताऱ्यात गोठा होता म्हणे. आठव्या मजल्यावर वाढलेल्या पोरीने दावण कुठे बघायची? मी अर्थ सांगितला आणि उतारा किती मार्कांचा होता ते विचारलं.

निकाल लागला. इतिहासात उत्तम, राज्यशास्त्रात उत्तम, मातृभाषेत आडवी. बोर्डात तिच्या मागे असलेल्या मैत्रिणीने इंग्रजी घेतली होती. तिला नॉर्थ कॅम्पसचं कॉलेज मिळालं. आमच्या लेकीला शहराच्या दुसऱ्या टोकाचं मिळालं, आणि विषय वाणिज्य.

"आपल्या मुलीला मराठी येत नाही म्हणजे काय! शरम की बात है यार," हे म्हणाले.

तोवर ती रडली नव्हती. "बाबा, तुम्ही माझ्याशी मराठी कधी बोलता?"

"बिल्कुल बोलतो!"

"हां, बोलता ना. पुण्याहून आजी आली की."

ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून हुंदके ऐकू यायला लागले, तसा माझा जीव तुटला. यांचाही तुटला असावा. दाराला कान लावून हे कितीतरी वेळ म्हणत राहिले, "बेटा, दरवाज़ा खोलो. रोते नहीं, बेटा."