कुऱ्हाडीपायी वाईमार्गे सांगली

कडेगावहून सांगलीला जायचं तर कुणी वाईमार्गे जात नाही. वाई उत्तरेला, सांगली दक्षिणेला. तरी गेल्या मे महिन्यात शाळेला सुटी लागल्याबरोबर मी हा उफराटा प्रवास केला. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला दुसऱ्याचं चांगलं बघवत नव्हतं.

माझा चुलतभाऊ बापू, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, लढाई संपल्यावर फौजेतून सुटून आला. येताना देवळालीच्या छावणीतल्या फौजी मालाच्या लिलावातून त्यानं एक कुऱ्हाड आणली. मध्यम अंगाची, दिसायला साधीच. आमच्या बांधावरची जी वाळकी बाभूळ मी तीन दिवस टोकरत होतो, ती त्यानं एका सकाळीत आडवी केली. आबा, म्हणजे माझे वडील, बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "हात बघा पोराचा! कुऱ्हाड नुसती नाचतीया." मी मास्तर झालो तेव्हा आबा "बरं झालं" एवढंच म्हणाले होते.

त्याच आठवड्यात अक्काचं पत्र आलं. माझी ही थोरली बहीण सांगलीजवळ विश्रामबागेच्या पुढे मळ्यात राहते. वळवाच्या वाऱ्यानं तिच्या विहिरीवरची चिंच मोटेच्या धावेवर, म्हणजे बैल जिथून मोट ओढतात त्या उतारावर, आडवी पडली होती. मोट बंद, ऊस वाळायला लागलेला, आणि दाजींची कंबर धरलेली. आबा म्हणाले, "बापूला घिऊन जा. त्येची कुऱ्हाड हाय."

त्याची कुऱ्हाड! मी म्हटलं, "मी आधी वाईला जाऊन माझी घेतो. तिथला एक लोहार नावाजलेला आहे." ऊस वाळत होता हे मला कळत नव्हतं असं नाही. बापू हसून म्हणाला, "चल की दादा. म्या बी वाई बघितली न्हाई."

कराडपर्यंत आणि पुढे साताऱ्यापर्यंत मोटारी मिळतात, पण अजून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या. चढ आला की उतारू उतरून चालतात, त्यामुळे सामान थोडं ठेवावं आणि भाकरी बरोबर घ्यावी. उंब्रजच्या पुढे आम्ही असेच चालत होतो, तेव्हा एका म्हाताऱ्यानं बापूच्या खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेऊन तोलून पाहिली. "लय बेस हाय गड्या," म्हणाला. वाटेत आणखी दोघांनी तेच केलं. माझ्या हातात छत्री होती. छत्री कुणी तोलून पाहत नाही.

साताऱ्याला धर्मशाळेत उतरलो आणि सकाळच्या पहिल्या मोटारीनं वाई गाठली. मे महिन्यात कृष्णेला पाणी कमी असतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, बायका धुणी घेऊन पार पात्रापर्यंत उतरतात. ज्यांना निवांत देवदर्शन करायचंय त्यांनी दोन दिवस तरी काढावेत. मी मात्र गणपतीला उभ्यानंच हात जोडले आणि लोहाराचा पत्ता विचारत सुटलो.

लोहार ऐरणीपाशी बसला होता, आणि घण मारत होती त्याची बायको. पन्नाशीची, पदर खोचलेली. तिनंच माझ्यापुढे तीन कुऱ्हाडी टाकल्या. लहान, मधली, मोठी.

"काय तोडायचं हाय मास्तर?"

"चिंच. पडलेली."

"मग मधली घ्या." तिनं ती दांड्याच्या टोकाशी धरून हात लांब केला. "असं धरा नि वीस मोजा. मनगाट थरथरलं तर ती कुऱ्हाड तुमची न्हवं. दांडा बगलंत घेतला की टोक तळव्यात यावं. आन ह्या रेषा बघा, उभ्या पायजेत. आडव्या असल्या तर दांडा मोडतोय."

दांडा धावड्याच्या चिवट लाकडाचा होता. पात्यावर तिनं टिचकी मारली, स्वच्छ आवाज आला. तिनं सांगितलेलं सगळं खरं होतं, आणि कुऱ्हाड घ्यायला जाणाऱ्या कुणालाही मी आज हेच सांगेन. पण बापूनं मधली उचलून हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, हीच घे. माझ्यावानीच हाय." त्याच्यासारखी? मी मोठी उचलली. वीस मोजले. बाराव्या अंकाला मनगट थरथरलं, तरी दात आवळून वीस पुरे केले.

"मोठीच द्या," मी म्हटलं.

 लोहारणीनं फक्त बापूकडे बघितलं, आणि बापूनं मान खाली घातली. त्याचाही मला राग आला.

वाईहून साताऱ्याला परतून पुढे रेल्वे धरली. सातारा रोडचं स्टेशन सातारा गावापासून बरंच लांब आहे, गाडीच्या आधी चांगला वेळ काढून निघावं. मिरजेपर्यंत डब्यात उभं राहायलाही जागा नव्हती. मोठी कुऱ्हाड कुणाच्या ना कुणाच्या पायाला लागत होती आणि शिव्या मी खात होतो. मिरजेहून टांगा केला. अक्का बांधावर वाट बघत उभी होती. मला म्हणाली, "चार दिस लागले व्हय रं?" आणि बापूला म्हणाली, "आलास बाबा! आता काळजी न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चिंचेला भिडलो. बापू बुंध्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. तो एक घाव तिरपा वरून घालायचा, एक खालून, आणि तळहाताएवढी ढलपी उडायची. कुऱ्हाड उचलायला तेवढा जोर लावायचा, पडताना ती स्वतःच्या वजनानं पडू द्यायचा. मी मात्र पडतानाही जोर लावत होतो. तासाभरात माझे खांदे भरून आले. अक्का ताक घेऊन आली, आधी त्याच्याकडे गेली. दाजी बाजेवरून ओरडले, "वा रं पठ्ठ्या!" ते मला म्हणाले नव्हते.

मी बापूच्या अगदी जवळ सरकलो. त्याच्या खाचेच्या शेजारीच माझी खाच पाडून दाखवायची होती. समोर गाठ दिसत होती. दिसत होती, हे मी लपवणार नाही. सगळा जीव एकवटून घाव घातला. कुऱ्हाड गाठीवरून सटकली आणि बापूच्या उजव्या पायावर गेली.

त्याचा फौजेतला बूट जाड होता, म्हणून अंगठा राहिला. बुटाचं कातडं फाटून पातं मांसात शिरलं होतं. बापू मटकन खाली बसला. अक्का धावत आली.

"काय झालं रं?"

मी तोंड उघडण्याआधीच बापू म्हणाला, "माझाच पाय घसारला, अक्का. कुऱ्हाडीखाली आला."

सांगलीत डॉक्टरांनी टाके घातले. टांग्यात मी त्याचा पाय मांडीवर धरून बसलो होतो. रक्त माझ्या धोतरावर येत होतं, आणि मनात येत होतं की आता हा चांगुलपणातही माझ्या वर गेला. माणूस इतका हलका असू शकतो, हे मला त्या टांग्यात कळलं.

पुढचे तीन दिवस चिंच मी एकट्यानं तोडली, बापूच्या कुऱ्हाडीनं. तो सावलीत बाजेवर पाय वर करून सांगायचा, "पाय फाक की. गाठ टाळ, बाजूनं जा. घाई न्हाई कशाची." तिसऱ्या दिवशी दुपारी ओंडका धावेवरून गडगडत खाली गेला. दाजींनी बैल जुंपले, मोट भरून वर आली, पाटातून पाणी उसाकडे निघालं. कडेच्या दोन सऱ्या तोवर वाळून गेल्या होत्या. वाईला गेलो नसतो तर त्या वाचल्या असत्या.  मोठी कुऱ्हाड मी दाजींच्या गोठ्यात ठेवून आलो.

घरी आल्यावर आबांना सगळं खरं सांगितलं. गाठ दिसत होती, हेही.  त्यांनी विचारलं, "हे त्येला बोललास?"

नव्हतो बोललो. चार दिवस त्याचा पाय धुतला, पट्टी बदलली, त्याच्या शेजारी बसून सांगलीचा भडंग खाल्ला, आणि एवढंच राहिलं होतं.

तसाच उठून त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर दोरी वळत बसला होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "बापू, तुझा पाय घसरला नव्हता. माझा जीव जळत होता. माफ कर."

त्यानं दोरी खाली ठेवली. "मला म्हाईत व्हतं," म्हणाला. "टांग्यातच बोलशील वाटलं व्हतं. म्या वाट बघत व्हतो रं दादा." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायची त्याला लाज वाटली नाही.

मी त्याच्याशेजारी बसलो आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. कुऱ्हाड आता मला त्याच्याइतकी नाही, पण बरी चालवता येते. हेवा मात्र गेलेला नाही. मनातलं इतक्या सरळ बोलता येणाऱ्या त्या माणसाचा मला आजही हेवा वाटतो.