उघडी ठेवलेली जागा

आमच्या शेजारचे काका मोटारसायकलच्या इंजिनचे भाग घरीच पावडर कोटिंग करतात. रंगाची कोरडी पावडर भागावर उडवायची आणि केकच्या जुन्या ओव्हनमध्ये भाजायची. घाई केलेली त्यांना खपत नाही. "भाकरी कच्ची काढली तर पोट दुखतंय, ही कच्ची काढली तर पापुद्रा निघतोय की," म्हणतात आणि ओव्हनच्या काचेतून बघत बसतात.

वडील गेल्यावर त्यांच्या गाडीचं गिअरच्या बाजूचं कव्हर मी काकांकडे दिलं. "एकदम नव्यासारखं करा," म्हटलं.

आणायला गेलो तेव्हा त्यांनी ते थोड्या वेळापूर्वी ओव्हनमधून काढून निवायला ठेवलं होतं. काळं कुळकुळीत, पण कडेला रुपयाएवढी जागा कोरी. मी चिडलोच. "काका, एवढं राहिलं की!"

"राहिलं न्हाय, ठेवलंय." त्यांनी तेवढीच गोल कापलेली चिकटपट्टी दाखवली. "गिअर टाकताना बूट घासून तितं लई गुळगुळीत झालंय. वडलांचा पाय हाय तो. त्याच्यावर पावडर कशी मारू?"

मी त्या जागेवर अंगठा ठेवला. ती अजून गरम होती.