अंगठ्याएवढी धार

चहा आधी संपवून घ्या. हा किस्सा ऐकल्यावर माझ्यासमोर बसून चहा प्यावासा वाटेल की नाही, याची मला काही खात्री नाही.

मालेगावात माझी ओळख काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. फेकणारा! बोटाएवढा मासा माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत रेड्याएवढा होतो. चाळीस वर्षं मी फेकतो, लोक हसतात. अन् सगळ्यात जोरात हसणारा माणूस म्हणजे धनजचा गजानन. शाळेपासूनचा दोस्त. शेतात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा. मोटारपंप असो की मोटारसायकल, बंद पडलेली मशीन गजाचा हात लागला की गुमान सुरू व्हायची.

गेल्या वर्षी गजा आजारी पडला. पोटाचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. म्हणजे काय, ते तुम्हाला समजलं असेल.

मी एकदा भेटून आलो. खाटेवर गजा नव्हताच हो! नुसता त्याचा सदरा होता, अन् सदऱ्याच्या वर दोन डोळे. म्हणाला, "सांग ना बे काही." अन् ज्याच्या गप्पांपायी लोकांच्या एसट्या सुटतात, त्या माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. पाणी प्यालो, उठलो, आलो.

नंतर मी भ्यालो. पुन्हा जायची हिंमतच होईना. खरं कारण तेवढंच. पण खरं कारण सांगेल तो मी कसला?

गजाचा फोन आला. "काहून येऊन नाई राह्यला बे?"

समोर माझी गाडी, म्हणजे मोटारसायकल, उभी होती. इंजिनाच्या बुडाशी ऑइलचा नट असतो ना, त्याला एक थेंब लोंबत होता. एकच! रात्रभरात एखादा पडायचा. बायको त्याच्याखाली डब्याचं झाकण ठेवायची, तेही महिनाभर भरत नव्हतं.

"अबे, गाडी ऑइल गाळून राह्यली," मी म्हटलं. "दुरुस्त झाली का आलोच."

आठ दिवसांनी पुन्हा फोन. आता आठ दिवसांनंतरही एकच थेंब सांगून माझं भागणार होतं का? थेंबाची करंगळीएवढी धार झाली. पुढच्या फोनला अंगठ्याएवढी! "गजा, आमच्या दारासमोर बकऱ्या घसरून पडून राह्यल्या! शेजारचा कढई घेऊन आला, म्हणे भजे तयतो!"

तिकडून हसू यायचं. हसण्याचा खोकला व्हायचा. मग वहिनी फोन घ्यायच्या अन् म्हणायच्या, "भाऊजी, आता ठेवते." मी फोन खिशात टाकायचो. चला, आठ दिवस सुटलो!

एका दिवशी मात्र गजा हसला नाही.

"हे पाह्य," तो हळूच म्हणाला. "गाडी तशीच घेऊन ये. मेकॅनिकले नोको दाखवू. मी खाटेवरून सांगतो, तू पाना फिरव. एक काम तरी होऊ दे माह्या हातून. खरंच येवढी धार आहे?"

"हाव."

"मंग उद्या सकायी ये. हयू हयू चालव. ऑइलची बाटली संग ठेव."

झाली का पंचाईत! हा माणूस खाटेवर पडून उद्याच्या कामाची वाट पाहतोय, अन् मी त्याला काय दाखवू? एक थेंब? तुमच्यासारखा सरळ माणूस म्हणाला असता, गजा, खोटं बोललो, माफ कर. मी काय केलं? सकाळी सतरा नंबरचा पाना घेतला, गाडीपाशी आडवा झालो अन् नट ढिला केला!

बायको आली. "काय करून राह्यले तुमी?"

"दुरुस्ती."

"ढिली करून?"

"मशीनमधलं तुले काय समजते?"

तेल टिपटिप गळायला लागलं. अंगठ्याएवढं नसेल, पण गजाच्या हाताला काम पुरेल इतकं होतं. मी खूश! निघालो. रस्त्यानं मनात गप्पा जुळवत होतो. या खेपेला त्याला इतका हसवायचा की खोकलाच लाजला पाहिजे.

किन्हीराजा मागं पडलं अन् इंजिनानं किंकाळी फोडली. चाक जाम. उतरून पाहतो, तर खाली नटच नाही! हादऱ्यांनी फिरत फिरत कुठंतरी पडला होता. मागं डांबरावर काळी रेघ. घाबरून मी बाटली वरून ओतली, ती खालून सरळ रस्त्यावर गेली. चांगली अंगठ्याएवढी धार! पाहायला कोणी नाही.

फोन लावला. वहिनींनी उचलला. "कुठं आहा भाऊजी? त्यायनं खाट आंगणात काढायले लावली. पाने उशाशी घेऊन पडले हायेत."

"वहिनी, गाडी बंद पडली. सगळं तेल गेलं."

मागून गजाचा आवाज आला, "काय म्हनते?"

"सगळं तेल गेलं म्हनतात."

गजा हसला. खोकला नाही, नुसता हसला. "फेकते!" म्हणाला.

त्याचा मी ऐकलेला शेवटचा शब्द हा.

गाडी ढकलत एका चहाच्या टपरीपाशी नेली, तिथंच सोडली. एसटीला हात दाखवत उभा राहिलो. दोन थांबल्या नाहीत, तिसरी थांबली. कारंजाला उतरून दुसरी धरली. धनजला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. खाट अंगणातच होती. भोवती माणसं बसलेली. गजाच्या तोंडावरून चादर ओढलेली.

त्याच्या मोठ्या भावानं मान वर केली. "येवढा उशीर काहून? सकायपासून तुहीच वाट पाहून राह्यला होता तो."

मी सांगितलं. जसं घडलं तसं. वाटेत नट पडला, तेल गेलं, इंजिन जाम झालं. पदरची बकरी नाही की कढई नाही. कोपरापर्यंत काळे झालेले हातही पुढं केले.

मागं कोणीतरी दुपट्ट्यात तोंड लपवून हसलं. भावानं नजर दुसरीकडं वळवली. वहिनी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "भाऊजी, आज तरी फेकू नोका ना."

सांगा आता, कोणत्या तोंडानं रडायचं? जन्मात एकदाच खरं बोललो, अन् तेवढं खरं जमवायलाही मला आधी माझ्याच हातानं नट ढिला करावा लागला.